नेपाळयात्रेच्या जाहिरातीत कागदपत्रे आणि रस्ताही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्ट्या आणि वैशाख पौर्णिमा जवळ आली की मराठवाड्यातल्या तालुक्या-तालुक्यांत नेपाळयात्रेचे फलक लागतात. पशुपतिनाथ, मुक्तिनाथ, जनकपूर, लुंबिनी अशी नावे, खाली चहा-नाश्ता-जेवण-निवासासह एक ठोक रक्कम, आणि बऱ्याच फलकांवर ठळक अक्षरांत ‘पासपोर्ट-व्हिसाची गरज नाही, फक्त आधार कार्ड आणा’ असे वाक्य असते. या वाक्यातला व्हिसाबद्दलचा भाग बरोबर आहे. आधारबद्दलचा भाग मात्र पंधरा ते पासष्ट या वयोगटातील प्रवाशांसाठी चुकीचा आहे, आणि त्याचा भुर्दंड जाहिरात करणाऱ्याला न पडता प्रवाशाला पडतो. मी टपाल खात्यातून निवृत्त झालो असून आमच्या भागातील यात्रेकरूंचे अर्ज भरून देणे, तिकिटांवरची नावे तपासून देणे ही कामे हौसेने करतो. त्या अनुभवावरून काही गोष्टी आपल्या वाचकांपुढे आणि यात्रा-आयोजकांपुढे मांडाव्यात, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० साली झालेल्या मैत्री करारामुळे भारतीय नागरिकाला नेपाळमध्ये जाण्यासाठी व्हिसा लागत नाही. पण नेपाळ हा परदेश आहे आणि तेथे जाताना आपण भारतीय नागरिक आहोत हे सिद्ध करावे लागते. आधार कार्ड हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही, हे त्याच्या कायद्यातच स्पष्ट केलेले आहे. म्हणून केंद्रीय गृह मंत्रालयाच्या नियमानुसार नेपाळप्रवासासाठी वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाने दिलेले मतदार ओळखपत्र, या दोहोंपैकी एक मूळ स्वरूपात जवळ हवे. आधार चालते ते पंधरा वर्षांखालील मुलांना आणि पासष्ट वर्षांवरील ज्येष्ठांना, आणि तेही वय व ओळख पटवण्यापुरते. जानेवारी २०१९ मध्ये मंत्रालयाने ही बाब स्पष्ट केली, तेव्हा बातमीचे मथळे ‘आता नेपाळ-भूतानसाठी आधार चालणार’ असे झळकले. वयाची अट बातमीच्या आत राहिली आणि मथळा तेवढा लोकांच्या लक्षात राहिला. आज आयोजक जे सांगतात त्याचे मूळ बहुधा या अर्धवट वाचनात असावे.

सोनौली किंवा रक्सौलच्या नाक्यावरून आधार दाखवून, कधी काहीच न दाखवता पलीकडे गेलेली माणसे आपल्याकडे पुष्कळ भेटतात, हे मी नाकारत नाही. सुमारे १,७५१ किलोमीटरची ही खुली सीमा आहे आणि रोज हजारो माणसे बाजारहाटासाठी, सोयरिकीसाठी ती ओलांडतात. सीमेवर २००१ पासून सशस्त्र सीमा बलाचे जवान आहेत. ते कोणाला थांबवतील आणि कोणाला जाऊ देतील हे त्या दिवसाच्या बंदोबस्तावर ठरते. मात्र नाक्यावर नेहमीचे गावकरी जाऊ दिले जातात, म्हणून परभणीहून गेलेल्या चाळीस माणसांच्या बसलाही तोच न्याय मिळेल असे गृहीत धरून पैसे भरणे शहाणपणाचे नाही. विमानतळावर तर ही सवलत अजिबात नाही. तेथे विमान कंपनीचा कर्मचारी बोर्डिंग पास देण्यापूर्वीच कागद पाहतो, आणि कागद नियमात बसत नसेल तर इमिग्रेशनच्या खिडकीपर्यंतही पोचू देत नाही.

आमच्या वसाहतीतील एका भगिनींच्या बाबतीत दिल्लीच्या विमानतळावर नेमके हेच घडले. आयोजकाने सर्वांकडून आधारच्या छायाप्रती घेऊन त्यावरून तिकिटे काढली होती. या भगिनींचे आधार सासरच्या नावाने, आणि मतदार ओळखपत्र लग्नाआधीचे, माहेरच्या नावाचे, वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव असलेले. तिकिटावर एक नाव, हातातल्या ग्राह्य कागदावर दुसरे. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र जवळ नव्हते. गटातील बाकीचे सगळे काठमांडूला गेले आणि त्या व त्यांचे यजमान सचखंड एक्सप्रेसने परत आले. आयोजकाने ‘कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची’ असे पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेले दाखवले आणि पैसे परत करण्यास नकार दिला. आयोजकाचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण हा एकट्या आयोजकाचा दोष नसून सर्रास चाललेली पद्धत आहे.

नावांचा हा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे. जुनी मतदार ओळखपत्रे कृष्णधवल, प्लास्टिकमध्ये दाबलेली, फोटो असा की स्वतःच्या नातवाने ओळखू नये. कोठे आडनाव आधी, कोठे शेवटी. कोठे ‘बाई’ आणि ‘राव’ नावाला चिकटलेले, कोठे गळालेले. मराठीत ‘शेषेराव’ आणि इंग्रजी लिपीत त्याचे तीन प्रकारचे हिज्जे. जन्मतारखेच्या जागी नुसते वय, तेही यादी केलेल्या वर्षाचे. हे सगळे दुरुस्त करता येते. निवडणूक आयोगाचा नमुना क्रमांक ८ भरून नाव, फोटो, पत्ता बदलता येतो आणि कार्ड हरवले किंवा खराब झाले असल्यास नवे मागवता येते. नाव यादीतच नसेल तर नमुना क्रमांक ६ भरावा लागतो. अर्ज आयोगाच्या संकेतस्थळावरून किंवा आपल्या यादीभागाच्या बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) देता येतो आणि नवे रंगीत कार्ड स्पीड पोस्टाने घरी येते. मात्र या सगळ्याला वेळ लागतो. बीएलओ हे बहुधा शाळेचे शिक्षक किंवा अंगणवाडी कार्यकर्त्या असतात, त्यांना इतर कामे असतात, पडताळणी लांबते. यात्रेला निघण्याच्या आठ दिवस आधी माणसे माझ्याकडे येतात तेव्हा हात जोडण्याखेरीज मला काही करता येत नाही. मोबाइलमधील कार्डाच्या प्रतीवर किंवा झेरॉक्सवर विसंबूनही निघू नये. मूळ कार्ड पिशवीत हवे.

पंधरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेले ओळख प्रमाणपत्र चालते. उन्हाळ्यात शाळा बंद असतात आणि मुख्याध्यापक गावी गेलेले असतात, एवढे लक्षात ठेवून ते एप्रिलमध्येच घेऊन ठेवावे. पती, पत्नी, अल्पवयीन मुले आणि आईवडील असे कुटुंब एकत्र जात असेल आणि त्यातील एका प्रौढाकडे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असेल, तर उरलेल्यांना फोटो असलेले आणि नाते दाखवणारे अन्य कागद दाखवता येतात, अशीही सवलत नियमात आहे. पण ही सवलत कुटुंबापुरती आहे. भजनी मंडळ, महिला बचत गट किंवा एकाच गल्लीतील शेजारी यांना कुटुंब म्हणून ती मिळत नाही, आणि एखादा आयोजक ‘गटात एकाकडे कार्ड असले तरी पुरे’ असे सांगत असेल तर तो या नियमाचा विपर्यास करतो आहे.

माझे स्पष्ट मत असे की, ज्यांना शक्य आहे त्यांनी पासपोर्टच काढावा. २०१७ पासून टपाल कार्यालयांत पासपोर्ट सेवा केंद्रे सुरू झाल्यामुळे आता या कामासाठी पूर्वीसारखे मुंबई-पुण्याला हेलपाटे घालावे लागत नाहीत. छत्तीस पानांच्या नेहमीच्या पासपोर्टला प्रौढांसाठी १,५०० रुपये शुल्क आहे, साठ वर्षांवरील व्यक्तीला नव्या पासपोर्टसाठी दहा टक्के सूट आहे, आणि तो दहा वर्षे चालतो. यात्रेच्या ठोक रकमेपुढे हा खर्च फारसा नाही. शिवाय आयोजक हल्ली नेपाळला जोडून कैलास-मानसरोवराची चर्चा करतात. तो भाग चीनच्या ताब्यात असल्याने तेथे पासपोर्ट आणि चीनचा व्हिसा या दोन्हींवाचून पाऊल टाकता येत नाही, हे सांगायला ते सोयीस्कररीत्या विसरतात.

आता वाहतुकीविषयी. मराठवाड्यातून गोरखपूरला रोज जाणारी थेट गाडी नाही. नांदेड, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगरच्या प्रवाशांना देवगिरी किंवा तपोवन एक्सप्रेसने मनमाड गाठून तेथे मुंबईहून येणारी कुशीनगर एक्सप्रेस किंवा काशी एक्सप्रेस पकडावी लागते. सचखंडने दिल्लीला जाऊन तेथून गोरखपूरची गाडी घेणे हा दुसरा मार्ग. तो लांबचा असला तरी वयस्कर माणसांना मनमाडच्या फलाटावर अपरात्री सामान घेऊन बसण्यापेक्षा बरा वाटतो. ज्यांना रक्सौलमार्गे जायचे आहे त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा धावणारी पूर्णा-पाटणा गाडी आहे, मात्र तिच्या दिवसाशी यात्रेचा दिवस जुळवावा लागतो. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. त्यामुळे जो आयोजक दिवाळीत पैसे घेऊन ‘उन्हाळ्याची तिकिटे पक्की झाली’ असे सांगतो, त्याला तिकिटाचा पीएनआर विचारावा.

गोरखपूरहून सोनौली शंभर किलोमीटरच्या आत आहे. उत्तर प्रदेश परिवहनच्या बसगाड्या आणि जीप मिळतात, आणि नौतनवापर्यंत रेल्वेही जाते. सोनौलीची कमान ओलांडली की बेलहिया, आणि तेथून काही मिनिटांवर भैरहवा. भैरहवाहून लुंबिनी पंचवीस किलोमीटरच्या आत. हा सगळा तराईचा सपाट प्रदेश आहे, एकही घाट नाही. आमच्याकडून बोधगया, सारनाथ, कुशीनगर, श्रावस्ती करून लुंबिनीला जाणारे बौद्ध बांधव मोठ्या संख्येने असतात. मायादेवी मंदिर आणि सम्राट अशोकाचा स्तंभ पाहून त्यांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी भारतात परतता येते. त्यांच्या माथी काठमांडू-पोखऱ्याचा डोंगराळ प्रवास मारण्याचे काही कारण नाही. तरीही ‘एवढे आलोच आहोत तर’ म्हणून यात्रेत आणखी तीन-चार दिवस वाढवले जातात, रक्कम वाढते, आणि गुडघेदुखीने बेजार माणसे बसच्या मागच्या बाकावर चौदा-चौदा तास हिंदकळत बसतात. जनकपूरला जाणाऱ्यांसाठी बिहारमधील जयनगरहून एप्रिल २०२२ पासून प्रवासी रेल्वे सुरू झालेली आहे. दोन देशांना जोडणारी ही रेल्वे असल्याने तिच्या तिकीट खिडकीवरही ओळखपत्र दाखवावे लागते.

डोंगरातील रस्त्याबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. भैरहवाहून काठमांडू पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. आपल्या समृद्धी महामार्गाच्या हिशेबाने कोणी तीन-चार तास म्हणेल. प्रत्यक्षात चांगल्या दिवशीही आठ-दहा तास लागतात, कारण बुटवल ते नारायणघाट हा पट्टा वर्षानुवर्षे रुंदीकरणाखाली आहे आणि नारायणघाटच्या पुढे मुग्लिनपर्यंतचा रस्ता त्रिशूली नदीच्या काठाने कड्याला चिकटून जातो. जून ते सप्टेंबर या काळात तेथे दरडी कोसळतात. जुलै २०२४ मध्ये याच पट्ट्यात सिमलताल येथे दरडीबरोबर दोन बसगाड्या त्रिशूलीत वाहून गेल्या, त्यांत साठहून अधिक प्रवासी होते. पुढच्याच महिन्यात, २३ ऑगस्टला, पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीच्या पात्रात कोसळली आणि २७ जणांचा मृत्यू झाला, त्यांतील बहुतेक आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील यात्रेकरू होते. भुसावळ-वरणगाव परिसरातील घरेच्या घरे त्यात गेली आणि मृतदेह आणण्यासाठी वायुदलाचे विमान पाठवावे लागले. त्या वेळी आपल्याकडे आठवडाभर चर्चा झाली. श्रावणात नेपाळला जाणाऱ्या बसगाड्यांची संख्या मात्र त्यानंतरही कमी झालेली मला दिसली नाही. शेतकऱ्याला श्रावणात थोडी उसंत असते आणि अधिक महिना, श्रावण यांचे पुण्य मोठे मानतात, हे मला समजते. तरीही सोयाबीन घरात आल्यावर, दिवाळीनंतरचा काळ या रस्त्यांसाठी कितीतरी सुरक्षित आहे. आयोजकांनी पावसाळ्यात डोंगरातील सहली बंद ठेवाव्यात, लुंबिनी-जनकपूरपुरत्या ठेवाव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

महाराष्ट्रातून थेट बस घेऊन जाण्याची पद्धत आपल्याकडे लोकप्रिय आहे. सोबत आचारी, भांडी, पिठाच्या गोण्या, मसाल्याचे डबे, वर गॅसची टाकी. आमच्या माणसाला भाताच्या मुलखातही भाकरी लागते आणि ती ज्वारीचीच लागते, त्याला इलाज नाही. पण बारा मीटर लांबीची, दोन मजली झोपण्याची सोय असलेली गाडी मुग्लिनच्या वळणांवर चालवणे हे त्या रस्त्याची सवय नसलेल्या चालकाचे काम नव्हे. त्यापेक्षा आपली गाडी सीमेवर ठेवून भैरहवाहून तेथील लहान बस आणि तेथील चालक घेणे चांगले. खर्च थोडा वाढेल, पण त्या चालकाला कोणत्या वळणावर समोरून ट्रक येतो आणि कोणत्या ओढ्याला दुपारनंतर पाणी चढते ते ठाऊक असते.

तरीही आपलीच गाडी न्यायची असेल तर प्रवाशांनी आयोजकाकडे दोन कागद आवर्जून पाहावेत. पहिला म्हणजे नेपाळच्या सीमाशुल्क कार्यालयाचा परवाना, ज्याला तिकडे आणि आपल्या चालकांच्या तोंडीही ‘भन्सार’ म्हणतात. तो दिवसांच्या हिशेबाने मिळतो आणि मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दंड पडतो. पैसे वाचवण्यासाठी आयोजक अगदी मोजके दिवस भरतात. मग एखादी दरड कोसळून वाट अडली की दंड चुकवण्यासाठी चालक रात्रभर गाडी हाकतो. या रात्रीच्या घाईचे मूळ पुष्कळदा त्या परवान्यावरील तारखेत असते. दुसरा कागद विम्याचा. भारतातील वाहन विमा भारताच्या हद्दीपुरता असतो. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजारी देशांसाठी भौगोलिक क्षेत्र वाढवून घेण्याची तरतूद विमा नियमांत आहे आणि जादा हप्ता भरल्यावर तशी नोंद पॉलिसीवर केली जाते. ती नोंद नसेल तर सीमेपलीकडे झालेल्या अपघाताची भरपाई मागताना वारसांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. ‘विमा फुल्ल आहे’ या आयोजकाच्या तोंडी उत्तराला अर्थ नाही. पॉलिसीवर नेपाळचे नाव वाचून पाहावे.

विमानाने जाणाऱ्यांना छत्रपती संभाजीनगरहून दिल्ली किंवा मुंबई आणि तेथून काठमांडू असा मार्ग आहे. दिल्ली-काठमांडू हे अंतर दोन तासांच्या आत कापले जाते. नांदेड-लातूरकडच्यांना हैदराबाद जवळ पडते, तेथून दिल्लीमार्गे जाता येते. भैरहवा आणि पोखरा येथूनही काठमांडूला छोटी विमाने जातात. नेपाळमधील अंतर्गत विमानांत भारतीयांसाठी वेगळा, परदेशी पर्यटकांपेक्षा कमी दर असतो, मात्र त्यासाठी मूळ ओळखपत्र दाखवावे लागते. ज्येष्ठांसाठी बसच्या दहा तासांऐवजी हा अर्ध्या तासाचा हवाई टप्पा निवडणे मला योग्य वाटते. या छोट्या विमानांची वेळ धुके आणि वाऱ्यावर अवलंबून असते, म्हणून परतीच्या दिवशीच दिल्लीचे विमान धरण्याचा बेत आखू नये.

मुक्तिनाथविषयी एक इशारा. हे देवस्थान सुमारे ३,७०० मीटर उंचीवर आहे. पोखरा त्यामानाने अगदी सखल. पोखऱ्याहून जीपने एका दमात वर गेले तर विरळ हवेचा त्रास तरण्या माणसालाही होतो. रक्तदाब, दमा, हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये आणि जोमसोमला किंवा त्याखाली एक मुक्काम करावा. हा भाग अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्रात येतो, तेथे प्रवेशाचा स्वतंत्र परवाना लागतो आणि त्याचे पैसे यात्रेच्या रकमेत धरलेले आहेत की नाहीत ते आधीच विचारून घ्यावे.

पैशांबाबत थोडक्यात सांगतो. भारतीय एक रुपयाला नेपाळचा एक रुपया साठ पैसे हा दर १९९३ पासून कायम आहे. शंभर रुपयांपर्यंतच्या भारतीय नोटा तिकडे सहज घेतल्या जातात. त्याहून मोठ्या नोटांवर डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने बंदी घातली होती आणि या बाबतचे नियम पुढेही बदलत आले आहेत, म्हणून पाचशेच्या नोटांचे पुडके घेऊन निघण्यापेक्षा शंभराच्या नोटा बँकेतून घेऊन ठेवाव्यात. २०२४ पासून मोठ्या दुकानांत यूपीआयने पैसे देण्याची सोय झाली आहे, पण डोंगरातील ढाब्यावर तिचा भरवसा धरू नये. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते. तेवढ्यावरूनही विमाने चुकतात. आयुष्मान कार्ड, वय वंदना कार्ड किंवा महात्मा फुले योजनेचा लाभ सीमेपलीकडे मिळत नाही, त्यामुळे सात दिवसांचा का होईना, परदेश प्रवासाचा आरोग्य विमा घ्यावा.

सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुणांचे आंदोलन पेटले, पंतप्रधानांनी राजीनामा दिला, संचारबंदी लागली आणि त्रिभुवन विमानतळ बंद झाला. त्या दिवसांत महाराष्ट्रातील अनेक प्रवासी तेथे अडकले. नेपाळमध्ये निवडणूक असली की मतदानाच्या आधी काही दिवस सीमा बंद केली जाते, हेही आपल्या आयोजकांच्या गावी नसते. अशा वेळी काठमांडूतील भारतीय दूतावास किंवा वीरगंज येथील वाणिज्य दूतावास हाच आधार असतो. त्यांचे दूरध्वनी क्रमांक प्रत्येक प्रवाशाच्या पाकिटात कागदावर लिहिलेले असावेत, कारण आपले सिमकार्ड तिकडे रोमिंग घेतल्याशिवाय चालत नाही आणि आयोजकाचा मोबाइल नेमका त्या वेळी लागत नाही. ओळखपत्र हरवल्यास दूतावासाकडून परतीसाठी तातडीचे प्रमाणपत्र मिळते. त्यासाठीही हरवलेल्या कागदाची छायाप्रत आणि घरचा एक संपर्क क्रमांक वेगळ्या जागी ठेवलेला उपयोगी पडतो.

यावर उपाय कठीण नाहीत. प्रत्येक जिल्ह्याच्या निवडणूक शाखेने यात्रेच्या हंगामाआधी, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पुन्हा दिवाळीच्या सुमारास, तालुक्याच्या ठिकाणी नमुना ८ भरून घेण्याची शिबिरे घ्यावीत. यात मतदारयादी शुद्ध होण्याचा शासनाचाही फायदा आहे. दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागाने उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर गोरखपूरपर्यंत विशेष गाडी सोडण्याचा विचार करावा. गाडीला प्रवासी कमी पडणार नाहीत. आयोजकांनी पैसे घेतानाच प्रत्येक प्रवाशाचे मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट मूळ पाहावा, तिकीट त्याच कागदावरील नावाने काढावे आणि पावतीच्या पुढच्या बाजूला, मोठ्या अक्षरांत आणि मराठीत, कोणते कागद लागतील, सीमेपलीकडे कोणती गाडी असेल, तिच्या विम्यात नेपाळ आहे का आणि रात्रीचा प्रवास होणार आहे का, हे लिहून द्यावे.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती आहे. अशा यात्रांच्या जाहिराती आपल्याकडेही येतात. ‘फक्त आधार पुरेसे’ असे लिहिलेली जाहिरात स्वीकारताना आपल्या जाहिरात विभागाने आयोजकाला हे वाक्य बदलायला सांगावे आणि त्या जागी वयाची अट छापून घ्यावी. वाचकांनीही वर सांगितलेली माहिती लेखी हातात पडेपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नये.

आपला विश्वासू,
एक निवृत्त टपाल कर्मचारी, परभणी